करविषयक राजकीय विधानांची पारख : प्रस्तावना

२६ मार्च १९०२ रोजी कलकत्त्यास, व्हाइसरॉयच्या कायदेमंडळात, हिंदुस्थान सरकारच्या अंदाजपत्रकावर बोलावयास गोपाळ कृष्ण गोखले उभे राहिले, त्या वेळी सरकारपक्षाचे म्हणणे थोडक्यात असे होते, की खजिन्यात सुमारे सात कोटी रुपयांची शिल्लक पडली आहे, आणि दुष्काळाने व प्लेगने गांजलेल्या काळातही ज्या अर्थी एवढी शिल्लक पडते त्या अर्थी देशाची सांपत्तिक स्थिती मुळात निकोप आहे. शिल्लक खरी होती; सरकारी जमाखर्चात ती रुजू होती; तिचा आकडा कोणास खोडून काढता येण्याजोगा नव्हता आणि गोखल्यांनी तो खोडलाही नाही. त्यांनी एवढेच विचारले, की ही शिल्लक आली कोठून? रुपयाचा भाव घसरत असताना विलायतेस पाठवावयाच्या रकमांची तूट भरून काढण्यासाठी जे कर वाढविण्यात आले, ते चलनविषयक कायद्यांमुळे रुपयाचा भाव पुन्हा चढल्यावरही जसेच्या तसे राहिले. गरज सरली, कर मात्र राहिला, आणि त्या जादा वसुलीला सुबत्तेचे नाव मिळाले. पुढील वर्षी मिठावरील कर मणामागे अडीच रुपयांवरून दोन रुपयांवर आला आणि १९०७ पर्यंत तो एक रुपयापर्यंत उतरला. त्याला इतर कारणेही होती. पण सरकारचेच आकडे सरकारच्या अनुमानाविरुद्ध उभे करण्याची ती रीत कायदेमंडळात कायमची प्रतिष्ठित झाली, यात संशय नाही.

प्रस्तुत पुस्तकाचा विषय त्या एका प्रश्नात सामावलेला आहे. करांविषयी राजकीय पुरुष जे बोलतात त्यात निखळ असत्य फार थोडे असते. आकडा बहुधा कोठल्या तरी सरकारी दस्तऐवजातून उचललेला असतो आणि तेवढ्यापुरता तो खराही असतो; गाळलेला असतो तो त्याचा तपशील. तो आकडा किती मुदतीचा, कोणाच्या वाट्याचा, कशाच्या तुलनेने काढलेला, आणि वजावट करून की न करता मांडलेला, या चार गोष्टी सांगितल्यावाचून करासंबंधीचे कोणतेही वाक्य पुरे होत नाही. आणि सभेतील वाक्य जाणूनबुजून अपुरे ठेवलेले असते, कारण त्याचा सारा प्रभाव त्या अपुरेपणातच असतो. म्हणून विधानाची पारख करणे म्हणजे प्रथम ते वाक्य पुरे करणे, आणि मग ते पुरे झालेले वाक्य वक्त्याच्या मूळ अभिप्रायाला अद्यापि आधार देते की त्याच्यावरच उलटते, हे पाहणे होय.

या क्षेत्रात प्रथमच पाऊल टाकणाऱ्या वाचकाने विधानांच्या जाती ओळखून ठेवाव्यात, कारण प्रत्येक जातीस लागणारा पुरावा निराळा आहे. कराचा बोजा कोणावर किती पडतो हे सांगणारी विधाने ही पहिली जात; त्यांना ग्राहक-खर्चाच्या पाहण्या आणि विवरणपत्रांची आकडेवारी लागते. कोणत्या प्रदेशाने किती दिले आणि त्याला किती मिळाले, ही दुसरी. तिची उत्तरे राज्यघटनेची कलमे, वित्त आयोगाचे अहवाल आणि वसुलीची रीत यांत आहेत. कोणी कर बसविला आणि कोणी उठविला, ही तिसरी. येथे राजपत्र आणि कायद्याचे कलम यांपुढे कोणाची आठवण टिकत नाही. अमुक केल्यास तमुक होईल असे सांगणारी भाकिते आणि वचने ही चौथी. त्यांचा खरेखोटेपणा बोलण्याच्या क्षणी ठरत नाही, फक्त त्यांच्या मागील गृहीतांची छाननी करता येते. परदेशांशी केलेल्या तुलना ही पाचवी. आणि तीत फसगत सर्वांत सोपी असते, कारण दोन देशांत ‘कर’ या नावाखाली एकच वस्तू मोजली जाते असे ऐकणारा न विचारताच धरून चालतो.

या विद्येची महाराष्ट्रातील परंपरा आज आपणांस वाटते त्याहून जुनी आहे. १८७० साली पुण्यात सार्वजनिक सभा स्थापन झाली, पुढच्याच वर्षी न्यायमूर्ती रानडे पुण्यास आले, आणि जमीनमहसुलाच्या फेरआकारणीविषयी सरकारी अधिकारी जे म्हणत त्याची प्रत्यक्ष गावोगावच्या स्थितीशी गाठ घालून पाहण्याचे काम सभेने अंगावर घेतले. १८७८ मध्ये सभेचे त्रैमासिक निघू लागले. त्यात शाळाखात्यात नोकरी करणारे गणेश व्यंकटेश जोशी यांनी हिंदुस्थानच्या जमाखर्चाविषयी जे लेख लिहिले, त्यांत सरकारी अहवालांच्या ‘निळ्या पुस्तकां’तील कोष्टकांची फोड करून त्यांना बोलते करण्याची हातोटी दिसते. गोखल्यांच्या अंदाजपत्रकीय भाषणांमागे याच जोशांचे साहाय्य होते. शिवाय गोखल्यांच्या गाठीशी एक कटू अनुभवही होता. १८९७ साली विलायतेत असताना, पुण्यातील प्लेगच्या बंदोबस्तात गोऱ्या शिपायांनी अत्याचार केल्याचे त्यांनी पत्रांच्या आधारे सांगितले, पुरावा मागितला गेल्यावर तो देता आला नाही, आणि परत आल्यावर त्यांना जाहीर माफी मागावी लागली. पुढे अंदाजपत्रकावर बोलताना त्यांचे प्रत्येक वाक्य सरकारी कागदाचा हात धरून चालते, हे वाचकाच्या सहज ध्यानात येईल.

दादाभाई नौरोजींनी याच मार्गावर एक मूलगामी पाऊल टाकले. हिंदुस्थान हा जगातील अत्यंत हलक्या करांचा देश आहे, असे विलायतेतील सरकारी वक्ते नेहमी सांगत, आणि दरडोई रकमेकडे पाहिले तर ते अक्षरशः खरे होते. दादाभाईंनी दाखविले, की ज्याचे वार्षिक उत्पन्नच वीस रुपये आहे त्याच्याकडून घेतलेला कर, रक्कम लहान असूनही, इंग्रज करदात्याच्या मोठ्या रकमेपेक्षा उत्पन्नाच्या मानाने जड पडतो. म्हणजे वाद छेदाचा होता, अंशाचा नव्हता. सरकारनेही मग उत्पन्नाचेच अंदाज करावयास घेतले. १८८२ साली सत्तावीस रुपये आणि लॉर्ड कर्झनच्या कारकिर्दीत तीस रुपये असे आकडे पुढे आले. कोणता अंदाज अधिक बरोबर होता हा पुढच्या अर्थशास्त्रज्ञांचा प्रश्न. पण वादाची जागाच हलली, आणि राज्यकर्त्यांना प्रजेच्या उत्पन्नाबद्दल बोलणे भाग पडले, हे दादाभाईंच्या पारखीचे खरे फलित.

या परंपरेतील तिसरा टप्पा डॉक्टर बाबासाहेब आंबेडकरांचा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक वित्तव्यवस्थेच्या उत्क्रांतीवर त्यांचा ग्रंथ १९२५ साली लंडनमध्ये प्रसिद्ध झाला आणि कोलंबिया विद्यापीठातील करशास्त्राचे थोर पंडित सेलिग्मन यांनी त्याला प्रस्तावना लिहिली. मध्यवर्ती सरकार आणि प्रांत यांच्यात महसूल कसा वाटला गेला, नेमून दिलेल्या रकमांपासून सोपवून दिलेल्या आणि पुढे सामाईक महसुलापर्यंत ही वाटणी कशी बदलत गेली, याचे त्यांनी केलेले विवेचन आजही ‘केंद्र आमचे देणे देत नाही’ आणि ‘आम्ही राज्यांना पूर्वीपेक्षा अधिक दिले’ या दोन शाश्वत घोषणांच्या मधल्या जमिनीचा उत्तम नकाशा आहे. १९३० साली पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि धनंजयराव गाडगीळांच्या हाती या अभ्यासास पद्धतशीर संशोधनाचे रूप आले.

स्वातंत्र्यानंतर पारखीची साधने घटनेतच घातली गेली. कायद्याच्या अधिकारावाचून कर बसविता किंवा वसूल करता येणार नाही, असे २६५ वे कलम सांगते. महालेखापरीक्षकाची स्वायत्तता आणि वित्त आयोगाची नियतकालिक नेमणूक यांनी सरकारी हिशेबावर सरकारबाहेरची नजर ठेवली. १९७६ साली दिल्लीत राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्था निघाली. २००६-०७ पासून करसवलतींमुळे सोडून दिलेल्या महसुलाचे विवरण अंदाजपत्रकाबरोबर येऊ लागले. ही साधने किती धारदार आहेत याचा एकच दाखला पुरे. वस्तू व सेवा करामुळे राज्यांना होणारी तूट भरून देण्यासाठी जो भरपाई उपकर वसूल होत होता, त्यातील ४७,२७२ कोटी रुपये २०१७-१८ आणि २०१८-१९ या दोन वर्षांत त्या कामासाठी ठेवलेल्या निधीत न भरता एकत्रित निधीतच राहिले, हे महालेखापरीक्षकांच्या अहवालाने २०२० साली, म्हणजे भरपाईवरून केंद्र व राज्ये हातघाईवर आलेली असताना, उघड केले. उणीव साधनांची नाही. अहवाल आणि सभा यांच्यामध्ये उभे राहून एकाचे दुसऱ्याला समजेल अशा भाषेत सांगणारा दुभाषी आपल्याकडे दुर्मिळ आहे, ही खरी उणीव आहे.

परदेशांत हे दुभाष्याचे काम तीन संप्रदायांनी निरनिराळ्या रीतीने केले. पहिला संप्रदाय विधिमंडळाच्या छायेत वाढलेल्या हिशेबनिसांचा. अमेरिकेत करविषयक संयुक्त समिती १९२६ पासून आहे आणि काँग्रेसची स्वतंत्र अर्थसंकल्पीय कचेरी १९७४ च्या कायद्याने आली. नेदरलँड्समध्ये यान टिनबर्गेन ज्याचे पहिले संचालक होते ते मध्यवर्ती नियोजन कार्यालय १९८६ पासून निवडणुकीपूर्वी राजकीय पक्षांच्या जाहीरनाम्यांचाच हिशेब मांडून देते, आणि पक्ष आपली वचने आपण होऊन तेथे पाठवितात. दुसरा संप्रदाय स्वतंत्र अभ्याससंस्थांचा. लंडनची १९६९ मध्ये स्थापन झालेली राजकोषीय अध्ययन संस्था ही त्यात अग्रगण्य. तिसरा संप्रदाय वृत्तपत्रीय. २००३ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाच्या आश्रयाने ‘फॅक्टचेक’ सुरू झाले, २००७ मध्ये ‘पॉलिटिफॅक्ट’ आणि ‘वॉशिंग्टन पोस्ट’ची तथ्यतपासणी आली, आणि विधानाला ‘खरे’, ‘अर्धसत्य’, ‘धादांत खोटे’ अशा पायऱ्या देण्याचा प्रघात लोकप्रिय झाला.

या संप्रदायांतील मतभेद केवळ शिष्टाचाराचे नाहीत. पायऱ्या देणाऱ्यांचे म्हणणे असे, की व्यग्र वाचकास निवाडा हवा असतो; ब्रिटनमधील ‘फुल फॅक्ट’सारख्या संस्था मात्र अशी श्रेणी न देता फक्त स्पष्टीकरण देतात, कारण करविषयक विधान बहुधा एका अर्थी खरे आणि दुसऱ्या अर्थी फसवे असते, आणि त्यावर एकच शिक्का मारणे म्हणजे वाक्य अपुरे ठेवण्याचा तोच दोष स्वतः करणे होय. हिशेबनिसांमध्ये दुसरा वाद आहे. कर कमी केल्यास उद्योग वाढेल आणि महसुलाची तूट आपोआप भरून निघेल, हे अर्थशास्त्रज्ञ आर्थर लॅफर यांच्या वक्ररेषेच्या आधारे गेली पन्नास वर्षे सांगितले जाणारे वचन जमेस धरून हिशेब करावा की लोकांचे वर्तन बदलणार नाही असे मानून करावा, या प्रश्नावर अमेरिकेतील दोन पक्षांची हिशेबाची रीतच सोयीनुसार बदलत असते. तेथील २०१७ ची करकपात ही इतिहासातील सर्वांत मोठी, असे अध्यक्ष डोनाल्ड ट्रम्प वारंवार सांगत. राष्ट्रीय उत्पन्नाच्या प्रमाणात मोजले असता १९८१ ची कपात तिच्याहून कितीतरी मोठी होती. आणि १९८८ साली नवीन कर बसविणार नाही असे शपथेवर सांगावे तसे सांगणाऱ्या थोरल्या बुश यांना १९९० मध्ये करवाढीला संमती द्यावी लागली, तेव्हा वचनाची पारख तथ्यतपासणीत बसते की मतदाराच्या स्मृतीवर सोपवावी, हाही प्रश्न उभा राहिला.

ब्रिटनमधील एक ताजे प्रकरण या शास्त्राचे सार दाखविते. जून २०२४ मध्ये दूरचित्रवाणीवरील वादविवादात पंतप्रधान ऋषी सुनक यांनी सांगितले, की मजूर पक्ष सत्तेवर आल्यास प्रत्येक कुटुंबावर दोन हजार पौंडांचा करभार वाढेल. मूळ आकडा २,०९४ पौंडांचा, आणि तो चार वर्षांची बेरीज करून काढलेला होता. ऐकणाऱ्यास तो एका वर्षाचा वाटणे स्वाभाविक होते. हिशेब सरकारी अधिकाऱ्यांनी केला असेही सूचित करण्यात आले, तर अर्थखात्याच्या सर्वोच्च अधिकाऱ्याने आधीच लेखी कळविले होते, की तो एकंदर आकडा नोकरशाहीचा म्हणून मांडू नये. मुदत आणि कर्ता हे दोनच तपशील गळाले होते. परंतु तेवढ्याने वाक्याचा अर्थ चौपट झाला आणि त्याला सरकारी मोहोर मिळाली.

आता घरी यावे. आपल्याकडील उदाहरणे याहून अधिक बोधप्रद आहेत, आणि ती एकाच पक्षाच्या पदरी बांधता येत नाहीत. पेट्रोलवरील केंद्राच्या शुल्काचा ४१ टक्के भाग राज्यांना मिळतो, हे विधान २०२१ साली पुष्कळदा ऐकू येई. विभाज्य निधीतील राज्यांचा हिस्सा ४१ टक्के आहे हे खरे. परंतु उपकर आणि अधिभार त्या निधीत येत नाहीत. त्या वर्षी लिटरमागील ३२ रुपये ९० पैशांच्या केंद्रीय शुल्कात वाटणीयोग्य मूळ उत्पादन शुल्क अवघे १ रुपया ४० पैसे होते, म्हणजे सर्व राज्यांचा मिळून वाटा सुमारे सत्तावन पैसे. याच सुमारास, आधीच्या सरकारने काढलेल्या तेलरोख्यांच्या ओझ्यामुळे दर कमी करता येत नाहीत असेही सांगण्यात आले. रोखे होते आणि त्यांचे देणेही होते. पण व्याज वर्षाला दहा हजार कोटींच्या आसपास, आणि २०२०-२१ मधील पेट्रोल-डिझेलवरील उत्पादन शुल्काची वसुली तीन लाख कोटींहून अधिक. दोन्ही आकडे एकाच पानावर मांडल्यावर आणखी काही बोलावे लागत नाही.

राज्य सरकारांचा नमुनाही पाहावा. मे २०२२ मध्ये केंद्राने शुल्क पेट्रोलवर ८ आणि डिझेलवर ६ रुपयांनी उतरविले, आणि लगोलग महाराष्ट्रातील महाविकास आघाडीच्या शासनाने मूल्यवर्धित करात अनुक्रमे २ रुपये ८ पैसे आणि १ रुपया ४४ पैसे कपात केल्याचे जाहीर केले. मुंबई-ठाणे भागात हा कर किमतीवर शेकडा २६ आणि २४ या दराने होता. आठाचे शेकडा सव्वीस म्हणजे दोन रुपये आठ पैसे, आणि सहाचे शेकडा चोवीस म्हणजे एक रुपया चव्वेचाळीस पैसे. मूळ किंमत उतरल्यावर टक्केवारीचा कर जेवढा आपोआप उतरतो नेमकी तेवढीच ही कपात होती. एक गुणाकार करण्याची तसदी घेणाऱ्यास कोणाच्या उदारतेची प्रशंसा करावी हे कळण्यास वेळ लागला नसता.

महाराष्ट्राने शंभर रुपये द्यावेत आणि त्याला सहा-सात रुपये परत मिळावेत, ही तक्रार आपल्याकडे सर्व पक्षांनी, विरोधात असताना, आलटून पालटून केली आहे. पंधराव्या वित्त आयोगाने महाराष्ट्राचा हिस्सा ६.३१७ टक्के ठरविला आणि देशाच्या प्रत्यक्ष करांपैकी एकतृतीयांशाहून अधिक वसुली महाराष्ट्रातून होते, ही दोन्ही विधाने खरी आहेत. परंतु जी कंपनी ओडिशात खाण चालविते, आसामात तेल काढते आणि मुंबईत मुख्य कचेरी ठेवते, तिचा कर मुंबईत भरला जातो. वसुलीची जागा आणि उत्पन्नाची जागा यांत येथे अंतर पडते. शिवाय राज्याच्या वाट्याचा वस्तू व सेवा कर राज्याला या वाटपाबाहेर थेट मिळतो. त्या आयोगाच्या सूत्रात ४५ टक्के वजन दरडोई उत्पन्नातील अंतराला होते, म्हणजे श्रीमंत राज्याला कमी मिळावे हाच त्याचा जाहीर उद्देश होता. तो अन्याय्य वाटत असेल तर तसे मोकळेपणाने म्हणावे, हिशेब चुकला आहे असे म्हणू नये. मात्र राज्यांची एक तक्रार पारखीत पूर्णपणे टिकते. केंद्राच्या एकूण करमहसुलात उपकर-अधिभारांचा भाग २०११-१२ मध्ये सुमारे एकदशांश होता तो २०२०-२१ पर्यंत सुमारे एकपंचमांश झाला, आणि त्या प्रमाणात वाटावयाचा निधीच आकसला.

इतिहासविषयक विधानांचे एक उदाहरण येथे द्यावेसे वाटते, कारण त्यात पारखीची मर्यादा आणि सामर्थ्य दोन्ही दिसतात. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत वारसा कराचा वाद पेटला असता पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी प्रचारसभेत असे सांगितले, की इंदिरा गांधींची मालमत्ता सरकारजमा होऊ नये म्हणून राजीव गांधींनी हा कर रद्द केला. १९५३ चा मृत्युकर १९८५ साली, विश्वनाथ प्रताप सिंग अर्थमंत्री असताना उठला हे खरे. परंतु ती माफी १६ मार्च १९८५ रोजी किंवा त्यानंतर मृत्यू पावलेल्यांच्या संपत्तीलाच लागू होती, आणि इंदिराजींचा मृत्यू ३१ ऑक्टोबर १९८४ चा. कोणाच्या मनात काय हेतू होता हे तपासनिसाला सांगता येत नाही. कायद्यातील तारीख मात्र सांगता येते, आणि येथे तारखेपुढे हेतूचा प्रश्नच उरत नाही. विरोधी पक्षांच्या बाजूचे असेच उदाहरण म्हणजे वस्तू व सेवा कराचा ६४ टक्के बोजा तळच्या अर्ध्या जनतेवर पडतो हे विधान. ‘ऑक्सफॅम’च्या २०२३ मधील अहवालातून तो आकडा सभांत आला, पण २०२२-२३ च्या ग्राहक-खर्च पाहणीवरून राष्ट्रीय सार्वजनिक वित्त व धोरण संस्थेतील अभ्यासकाने काढलेला तळच्या अर्ध्यांचा वाटा सुमारे तीस टक्के भरतो. जो वर्ग एकूण खर्चाचाच लहान भाग करतो तो खर्चावरील कराचा दोनतृतीयांश भाग कसा भरील, ही साधी शंका तो आकडा उच्चारण्यापूर्वी मनात यावयास हवी होती. गरिबांवरील अप्रत्यक्ष कर उत्पन्नाच्या मानाने जड असतो, हे दादाभाईंच्या धर्तीचे म्हणणे मात्र त्यामुळे खोटे ठरत नाही. खोट्या आकड्याने खऱ्या तक्रारीचे केवढे नुकसान होते, एवढेच त्यातून दिसते.

हा विषय आजच का महत्त्वाचा, याचीही कारणे आहेत. १ जुलै २०१७ पासून वस्तू व सेवा कराने केंद्र आणि राज्ये यांचे दर एकाच परिषदेच्या हाती दिले. परिणामी दरवाढीचे अपश्रेय दुसऱ्याच्या माथी मारणे आणि दरकपातीचे श्रेय दोघांनीही घेणे शक्य झाले. २२ सप्टेंबर २०२५ पासून ५ आणि १८ टक्के हे दोन मुख्य दर आणि निवडक वस्तूंसाठी ४० टक्के अशी नवी मांडणी आली, आणि लगेच बचतीच्या आकड्यांची जाहिरातबाजी सुरू झाली. दर उतरणे आणि किंमत उतरणे या दोन वेगळ्या घटना आहेत, हे त्या गदारोळात हरवले. १९६१ च्या प्राप्तिकर कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे. बारा लाखांपर्यंत कर नाही, या २०२५ च्या घोषणेचा अर्थ पुष्कळांनी बारा लाख ही करमुक्त पायरी असा घेतला. वास्तविक नव्या करपद्धतीत करमुक्त पायरी चार लाखांची, आणि बारा लाखांवरील साठ हजारांचा कर सूट देऊन शून्य केलेला आहे. भांडवली नफ्यासारख्या विशेष दराच्या उत्पन्नाला ती सूट नाही. उलट, बारा लाखांवर एक रुपया गेला की साठ हजार भरावे लागतात, हा पसरलेला समजही तितकाच चुकीचा. बारा लाख दहा हजारांवर सीमान्त सवलतीमुळे कर दहा हजार आणि त्यावरील उपकर एवढाच होतो. आणि या सर्वांच्या मुळाशी ‘करदाता’ या कल्पनेचेच राजकारण आहे. देशातील मूठभर लोकच कर भरतात, हे वाक्य प्राप्तिकरापुरते खरे आहे. पण काडेपेटीपासून मोबाइलच्या रिचार्जपर्यंत कर भरणारी व्यक्ती जेव्हा ‘दुसऱ्याच्या पैशावर जगणारी’ म्हणून हिणवली जाते, तेव्हा एका गाळलेल्या विशेषणाने नागरिकत्वाच्या दोन प्रती तयार होतात.

आपल्या संसदेला स्वतंत्र अर्थसंकल्पीय कचेरी नाही. २०१४ नंतर उदयास आलेल्या आपल्याकडील तथ्यतपासणी संस्थांच्या श्रमाचा मोठा भाग बनावट चित्रफिती आणि विद्वेषी अफवा यांच्या निरसनातच खर्ची पडतो. ही पोकळी मराठीपुरती थोडीफार भरून काढावी, हा प्रस्तुत ग्रंथाचा संकल्प आहे. ग्रंथकाराने कोणत्याही पक्षाची किंवा पुढाऱ्याची खोटेपणाची यादी केलेली नाही, आणि ते योग्यच झाले. अशा याद्या वर्षभरात शिळ्या होतात आणि वाचक त्यांतून आपल्याला हवे तेवढे उचलून घेतो. त्याने घेतला आहे तो पद्धतीचा ध्यास. विधानाची जात ओळखणे, मूळ दस्तऐवज गाठणे, गाळलेला तपशील भरणे आणि उरलेल्या वाक्याचे वजन करणे, या क्रमाने तो वाचकाला हाताशी धरून नेतो, आणि दप्तरातील कोणते कागद कोणासही पाहावयास खुले आहेत, अंदाजपत्रकाच्या कोणत्या भागात काय सापडते, अंदाज, सुधारित अंदाज आणि प्रत्यक्ष जमा यांत गल्लत कशी होते, हे सांगण्यात कंटाळा करीत नाही.

त्याच्या विवेचनातील एका मर्यादेचा उल्लेख करणे मात्र प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे, आणि ती मर्यादा विषयाचीच आहे. कर कोण भरतो हे पारखून सांगता येते. कोणी भरावा हे सांगता येत नाही. श्रीमंत राज्याने गरीब राज्याचा भार किती उचलावा, मृत्यूनंतर संपत्तीवर कर असावा की नसावा, हे न्यायबुद्धीचे प्रश्न आहेत आणि त्यांचा निकाल हिशेबनिसाने देऊ नये. २०१९ मध्ये कंपन्यांवरील कराचा दर ३० वरून २२ टक्क्यांवर आला आणि त्यापायी वर्षाला १ लाख ४५ हजार कोटींवर पाणी सोडावे लागेल असा खुद्द सरकारचा अंदाज होता; ते शहाणपण होते की धनिकांची खुशामत, यावर दोन प्रामाणिक माणसे भांडू शकतात. परंतु त्यांनी भांडावे ते त्या आकड्याच्या अर्थावर. आकडाच आपापल्या घरून आणू नये. ग्रंथकाराने ही सीमारेषा बहुतेक ठिकाणी कसोशीने पाळली आहे. जेथे त्याचा स्वतःचा कल डोकावतो तेथे तो तसे नमूद करतो.

पुस्तक वाचून झाल्यावर वाचकाने त्याची परीक्षा एकाच रीतीने करावी. ज्या पुढाऱ्यास आपण मत देतो त्याचे करांविषयीचे ताजे वाक्य घ्यावे, आणि या पुस्तकातील चार प्रश्न त्याला लावून पाहावेत. विरोधकाचे वाक्य तपासावयास कोणीही तत्पर असतो, आणि त्यासाठी पुस्तकाची गरज नाही. स्वपक्षाच्या वाक्यापुढे लेखणी थबकत असेल तर ही विद्या अद्याप अंगी उतरली नाही असे समजावे. आणि न थबकता ती चालली, तर गोखल्यांनी सरकारपुढे टाकलेला प्रश्न सामान्य मतदाराच्या हाती आला, एवढे या ग्रंथाचे यश पुरेसे मानण्यास हरकत नाही.